घरच्या लॉनसाठी गवत कापायचं मशीन कोणतं घ्यावं?

तुम्ही विचारलंय की घराभोवती साधारण दीड हजार चौरस फुटांचं लॉन आहे, आता ते स्वतःच कापायचं ठरवलंय, तर पेट्रोलवरचं मशीन घ्यावं, विजेवरचं, की हाताने ढकलायचं साधं? बारा वर्षं मी माझं लॉन स्वतः कापतोय आणि या काळात तीन मशीनं वापरून झालीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पेट्रोल की वीज हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. आधी बघायचं ते हे, की मशीन गवत कापतं कसं. तऱ्हा दोनच आहेत. रील मोअरमध्ये आडव्या रुळावर पिळदार पाती असतात. रूळ फिरला की ती खालच्या स्थिर पट्टीला घासून जातात आणि मध्ये सापडलेली गवताची पात कात्रीत सापडल्यासारखी कापली जाते. रोटरी मोअरमध्ये झाकणाखाली एकच पातं पंख्यासारखं फिरतं, मिनिटाला साधारण तीन हजार फेरे. तिथे कात्री नाही, नुसत्या वेगाचा फटका आहे. विळा गवताची मूठ धरून कापतो, हे पातं काहीच धरत नाही. त्यामुळे त्याची सगळी भिस्त धारेवर.

हे मला उशिरा कळलं. माझं पहिलं मशीन पेट्रोलवरचं, अठरा इंची रोटरी. कापल्यावर दोन दिवसांनी लॉन पांढुरकं, मग तपकिरी दिसायचं. पाणी कमी पडतंय असं वाटून मी पाणी वाढवलं, खत घातलं. एके दिवशी खाली बसून एक पात तोडून डोळ्यांजवळ धरली. सुईत ओवताना दोऱ्याचं टोक पिंजावं तसं तिचं टोक पिंजलेलं होतं, आणि त्या पिंजलेल्या धाग्यांपासून खाली तीनेक मिलिमीटर पात वाळली होती. सगळ्या लॉनवर तेच. बोथट पातं गवत कापत नव्हतं, फाडत होतं. पात्याला धार लावून आणली, आणि पुढच्या कापणीनंतर हिरवा रंग टिकला. तुमच्या लॉनवर आजही एक पात तोडून बघा. आतापर्यंत कसं कापलं गेलंय ते लगेच कळेल.

मग सगळ्यांनी रीलच का घेऊ नये? पहिला लॉनमोअर रीलच होता. १८३० साली इंग्लंडमधल्या स्ट्राउडच्या एडविन बडिंगने त्याचं पेटंट घेतलं, आणि कल्पना त्याला गिरणीत लोकरी कापडावरची लव कातरायच्या यंत्रावरून सुचली होती. ही गोष्ट मला फार आवडते, कारण रीलचा गुण आणि मर्यादा दोन्ही तिच्यात आहेत. कापडावरची लव आखूड आणि सारखी असते. रीललाही तसंच गवत लागतं. गवत उंच झालं की ते पात्यांत शिरायच्या आधीच पुढे वाकतं आणि मशीन गेल्यावर पुन्हा उभं राहतं. काडी अडकली की रूळ जागच्या जागी थांबतो. जमीन खडबडीत असेल तर कुठे टक्कल, कुठे झुपके.

त्यामुळे इथे स्वतःला प्रामाणिकपणे विचारा, वाढीच्या दिवसांत दर पाच-सात दिवसांनी कापणं तुमच्याकडून होईल का? एका वेळी गवताच्या उंचीचा एक तृतीयांशाहून जास्त भाग कापू नये. दोन इंचांवर ठेवायचं असेल तर तीन इंचांवर गेलं की कापायला हवं. त्याहून जास्त उडवलं की गवताला पुन्हा पानं काढण्यात ताकद घालवावी लागते आणि मुळं मागे पडतात. हे वेळापत्रक पाळता येत असेल, जमीन सपाट असेल आणि लॉन हरळीच्या जातीचं, म्हणजे बारीक पानाचं आणि एक-दीड इंचावर शोभणारं असेल, तर हाताने ढकलायचं रील घ्या. आवाज नाही, धूर नाही, वायर नाही. सकाळी सहाला कापलं तरी कुणाची झोपमोड होत नाही. पण तीन-तीन आठवडे राहून जाणार असेल, किंवा तीन इंचांवर ठेवायचं रुंद पानाचं गवत असेल, तर रोटरीच बरी. ती वाढलेलं गवतही खाते, आणि हाताची बरीच रीलं तेवढ्या उंचीवर लागतही नाहीत.

रुंदीचा मोह टाळा. एक फूट रुंद पात्याने दीड हजार चौरस फूट कापायला कमीत कमी दीड हजार फूट चालावं लागतं, सोळा इंचीने सव्वाअकराशे. म्हणजे वाचतात दोन-तीन मिनिटं. आणि रुंद मशीन झाडाच्या बुंध्याजवळ, वाफ्यांच्या मधून वळत नाही. मी अठरा इंची मशीन प्रत्येक कोपऱ्यात मागेपुढे ओढून कंबर धरून बसायचो. टेप घेऊन तुमच्या बागेतली सगळ्यात अरुंद जागा मोजा आणि तो आकडा खिशात ठेवूनच मशीन बघा. बारा ते चौदा इंच तुम्हाला पुरेल.

रोटरी घ्यायची ठरली, तर तेवढ्या जागेला मी पेट्रोल सुचवणार नाही. ऑइल बदला, एअर फिल्टर झटका, स्पार्क प्लग बघा, आणि महिना-दोन महिने मशीन उभं राहिलं की टाकीतलं पेट्रोल खराब होऊन कार्बोरेटर तुंबतो. मोठ्या, वीज पोचत नाही अशा जागेला ते ठीक. तुमच्याकडे वायरवालं मशीन छान चालेल. सॉकेटजवळून सुरुवात करा आणि लांब लांब जात कापा, म्हणजे वायर कापलेल्या भागावर, तुमच्या मागे राहते. ते सॉकेट मात्र ३० मिलिअँपिअरच्या गळतीरोधक स्विचवर, म्हणजे वीज भलतीकडे गळू लागली की लगेच प्रवाह तोडणाऱ्या स्विचवर, हवंच. पात्याखाली वायर आली तर तोच तुम्हाला वाचवेल. वायर नको असेल तर बॅटरी. बॅटरीत नुसते व्होल्ट बघू नका, व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर करा. ३६ व्होल्ट, ४ अँपिअर-अवर म्हणजे १४४ वॉट-अवर. दोन मशीनांची तुलना याच आकड्यावर करा.

रोटरीबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगतो. मशीन चालवताना दांड्यावरची जी पट्टी दाबून धरावी लागते ती सोडली की पातं किती वेळात थांबतं, ते दुकानातच विचारा. अमेरिकेत १९८२पासून ढकलायच्या रोटरी मोअरचं पातं तीन सेकंदांत थांबलंच पाहिजे असा नियम आहे आणि मी तीच कसोटी लावतो. कापण्याआधी लॉनवरून फिरून खडे वेचा, मुलांना आत पाठवा, पायात बंद बूट घाला. खाली अडकलेलं गवत काढायच्या आधी प्लग किंवा बॅटरी काढा, पेट्रोलचं असेल तर स्पार्क प्लगची वायर. रीलमध्येही बोटं घालू नका. हाताने रूळ थोडा फिरला तरी कात्री चालते.

गवत जमा करायची पिशवी नसली तरी अडत नाही. वेळेवर कापलं असेल तर बारीक कातरण तिथेच पडू द्या. ते कुजून लॉनला लागणाऱ्या नायट्रोजनपैकी जवळजवळ पाव हिस्सा परत देतं. ओलं किंवा फार वाढलेलं गवत मात्र गोळे होऊन बसतं आणि खालचं गवत गुदमरतं, ते उचलाच.

रील घेणार असाल तर दुकानात जाताना वर्तमानपत्राच्या दोन-तीन पट्ट्या सोबत न्या. पट्टी खालच्या स्थिर पात्यावर धरा आणि बोटं दूर ठेवून रूळ सावकाश फिरवायला सांगा. डावं टोक, मध्य, उजवं टोक, तिन्ही ठिकाणी कागद स्वच्छ कापला गेला तर मशीन नीट जुळवलेलं आहे. कुठे कागद नुसता दुमडला, तर तिथले स्क्रू फिरवून तुमच्यासमोर जुळवून द्यायला सांगा आणि ते कसं करतात ते नीट बघून घ्या, कारण वर्षातून एक-दोनदा ते तुम्हालाच करायचं आहे.