लिंक्डइन प्रोफाइल कोणीच बघत नाही, लोकेशन नाशिकऐवजी पुणे टाकू का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की नाशिकच्या अंबड एमआयडीसीत क्वालिटीत ६ वर्षं झाली, लिंक्डइनवर प्रोफाइल आहे पण कोणी ढुंकून बघत नाही, रोज पोस्ट टाकावी का, आणि लोकेशन पुणे टाकलं तर कॉल येतील का. तुला 'तू' म्हणतोय, राग मानू नको, माझ्या पुतण्याच्या वयाचा असशील.

ते 'लोकेशन पुणे' वाचलं आणि जेवण अर्धवट ठेवून लिहायला बसलो. याच एका गोष्टीवरून माझं आणि माझ्या साडूचं कित्येक वर्षं वाजतंय.

साडू हिंजवडीत, आयटीत. माणूस लाखात एक, रात्री दोन वाजता फोन करा, गाडी काढून येईल. पण २०२१ च्या दिवाळीत फराळाचं ताट मांडीवर घेऊन त्याने माझी प्रोफाइल उघडली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "भाऊ, हे बंद पडलेलं दुकान आहे." खोटं बोलत नव्हता म्हणा. फोटो मेव्हण्याच्या लग्नातला, फेट्यासकट, खांद्यावर कोणाचा तरी हात. कंपनीचं नाव हाताने टाइप केलेलं, आमच्या युनिटचं पेजच नव्हतं तिथे. खाली 'क्वालिटी इंजिनिअर', बास. १४ वर्षांची नोकरी दोन शब्दांत. त्याने तिथल्या तिथे तीन गोष्टी करायला लावल्या: लोकेशन पुणे, ओपन टू वर्क (म्हणजे नोकरी शोधतोय ही खूण) चालू, आणि रोज एक पोस्ट. "नाशिक बघून कोण कॉल करतं भाऊ?" हे वाक्य मला अजून टोचतं.

ओपन टू वर्कला दोन पर्याय असतात, एक सगळ्या जगाला दिसणारा हिरवा गोल आणि दुसरा फक्त रिक्रूटर्सना, म्हणजे कंपन्यांसाठी माणसं शोधणाऱ्यांना. आपण शहाणे, दुसरा घेतला. तुमच्या कंपनीतल्या रिक्रूटर्सपासून लिंक्डइनवाले ते लपवायचा प्रयत्न करतात, पण शंभर टक्के खात्री देत नाही असं तिथेच लिहिलेलं असतं, ते मी वाचलं नाही. आणि आपल्याकडे रिक्रूटर म्हणजे कोण, तर कंपनीतला कोणी नाहीच. एकच कन्सल्टंट आमच्या युनिटला माणसं पुरवायचा आणि शेजारच्या पाच युनिटलाही. तो काही आमच्या कंपनीचा माणूस नव्हे, त्याच्यापासून काय लपणार? चौथ्या दिवशी प्लँट हेडने केबिनमध्ये बोलावलं. १४ वर्षांत त्या केबिनमध्ये मी कधी खुर्चीवर बसलो नव्हतो, त्या दिवशी म्हणाले बसा, चहा सांगितला, बिस्किटं आली, आणि मग अगदी प्रेमाने, "काय मग, पुण्याला घर बघितलं का?"

मी काहीतरी मुलीच्या शिक्षणाचं बोललो. त्या वर्षी इन्क्रिमेंटची लेटरं आली तेव्हा डिपार्टमेंटमध्ये पेढे वाटले गेले, मी फक्त खाल्ले.

आणि एवढं करून पुण्याहून कॉल किती आले? तीन. एक इन्शुरन्स विकायचा, एक बाई 'सॉफ्टवेअर टेस्टिंग क्वालिटी' समजून बोलत होत्या, आणि एक जण म्हणाला उद्या सकाळी भोसरीला येऊ शकता का, मी म्हटलं मी सिडकोत राहतो, नाशिकच्या, तर म्हणाला मग पुणे का लिहिलंय, आणि ठेवला फोन. त्याचं काय चुकलं सांग.

तर आता तुझ्या प्रोफाइलबद्दल. रिक्रूटर तुझा सुविचार वाचायला येत नाही रे, तो शोधायला येतो. पदाचं नाव, गाव, स्किल असे शब्द टाकतो, फिल्टर लावतो, जी यादी येते त्यातली वरची माणसं बघतो. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये ही साइट २,६२० कोटी डॉलरला घेतली, ती काय लोकांच्या 'आज मी खूप काही शिकलो' साठी नाही घेतली. म्हणून जे शब्द तो टाकणार ते तुझ्याकडे लिहिलेले पाहिजेत, इंग्रजीत लिही, ग्रामरची लाज सोड. हेडलाइनला २२० अक्षरं मिळतात, तिथे नुसतं 'क्वालिटी इंजिनिअर अमुक कंपनी' ठेवणं म्हणजे हॉल बुक करून पत्रिकाच न वाटणं. माझी आता साधारण अशी आहे: सप्लायर क्वालिटी, मशिनिंग पार्ट्स, पीपीएपी, एमएसए, एसपीसी, एअर गेजिंग, नाशिक. मधली आद्याक्षरं म्हणजे क्वालिटीतल्या कामाच्या पद्धती. रुक्ष आहे. असू दे.

अबाउटला २,६०० अक्षरं असतात पण समोर पहिल्या दोनतीन ओळीच दिसतात, बाकीचं क्लिक केल्यावर. त्या ओळीत 'हार्डवर्किंग अँड पॅशनेट' लिहिलंस तर संपलं. कुठला पार्ट, कुठल्या मशिनवर, काय मोजतो, ते लिही.

फोटो नवीन काढ. आमचा गच्चीवर निघाला, पाण्याच्या टाकीला पाठ लावून, मुलीने मोबाइलवर काढला आणि बायको शेजारी उभी राहून डायरेक्शन देत होती, "अहो, एवढं हसू नका, कर्ज मागायला आल्यासारखं दिसतंय." अकरावा फोटो चालला.

एक गोष्ट मात्र नीट सांगतो कारण माझी नोकरी तिच्यावर फिरली. आमच्याकडे एक पातळ भिंतीचा पार्ट होता, २० एमएमचा बोअर म्हणजे भोक, टॉलरन्स म्हणजे चालणारा फरक १३ मायक्रॉन, एमएमचे तेरा हजारांश. लाइनवर एअर गेज, म्हणजे भोकात प्लग घालून हवेच्या दाबावर माप घेणारं, सगळे पार्ट हिरवे, आणि कस्टमरकडून मात्र रिजेक्शन. रोज भांडण, ते म्हणणार बोअर गोल नाही, आम्ही म्हणणार आमच्या गेजवर ओके आहे. ऑपरेटर प्लग फिरवून फिरवून दाखवायचा, काटा हलायचा नाही. दोन आठवडे डोकं खाल्लं त्याने. मग एकदा सेकंड शिफ्टला एक पार्ट हातात घेऊन चककडे बघत होतो तेव्हा पेटलं. थ्री जॉ चक, म्हणजे तीन जबड्यांची पकड. पातळ पार्ट तीन जागी दाबून धरला, दाबलेल्या अवस्थेत बोअर एकदम गोल झाला, सोडल्यावर पार्ट परत उघडला आणि बोअर तीन कोपऱ्यांचा झाला. आणि आमच्या एअर प्लगला जेट, म्हणजे हवा सोडायची भोकं, दोन, समोरासमोर. तीन लोबच्या बोअरमध्ये समोरासमोरचं माप कुठेही घेतलं तरी जवळजवळ सारखंच येतं, त्यामुळे कितीही फिरवा, गेज खोटं बोलत नाही पण खरंही सांगत नाही. थ्री जेटचा प्लग मागवला, सॉफ्ट जॉ रुंद करून घेतले, चकचं प्रेशर उतरवलं. मिटलं.

हे माझ्या प्रोफाइलमध्ये कुठेच नव्हतं! होतं काय, तर 'रिड्यूस्ड कस्टमर रिजेक्शन'. ते तर सातपूरपासून सिन्नरपर्यंत प्रत्येकाच्या बायोडेटात असतं, ज्याने वाढवलं त्याच्याही.

२०२३ मध्ये मी सगळं पुसून पुन्हा लिहिलं. लोकेशन परत नाशिक. अनुभवाखाली हा किस्सा चार ओळीत, कस्टमरचं नाव न घेता. दीड महिन्याने चाकणच्या एका कंपनीतून मेसेज आला. त्यांचे मशिनिंगचे बरेचसे व्हेंडर अंबड, सातपूर आणि सिन्नरला, आणि त्यांना नाशिकमध्येच राहणारा माणूस पाहिजे होता, कारण पुण्याहून माणूस पाठवला की त्याचा अर्धा दिवस हायवेवरच जायचा. म्हणजे ज्या शब्दामुळे कोणी कॉल करणार नाही असं साडू म्हणत होता त्याच शब्दामुळे कॉल आला. आता महिन्यातून दोनदा चाकणला जातो, बाकी रोज गरवारे पॉइंटवरून आत वळतो आणि घरी जेवायला येतो.

आणि साडू? घरच्या पूजेला आला तेव्हा चारचौघात म्हणाला, "भाऊंना लिंक्डइनवर मीच आणलं." मी प्रसादाची वाटी हातात धरून गप्प बसलो. म्हणून इथे लिहितोय.

रोज पोस्टचं म्हणशील तर मी अडीच आठवडे टाकल्या, सूर्योदय वगैरे, लाइक करणारे तेच सहा जण, त्यातला एक साडू. नको करू. त्यापेक्षा तुझ्या कामाच्या विषयावर दुसऱ्या कोणी काही विचारलं असेल तिथे नीट उत्तर लिही. आणि इथे जरा प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे, त्या चाकणच्या साहेबांनी माझी प्रोफाइल उघडली ती आधी एका पोस्टखाली माझी कॉमेंट वाचून. कोणीतरी विचारलं होतं की एअर गेजवर ओके आणि सीएमएमवर, म्हणजे मोजमापाच्या मोठ्या मशिनवर, नॉट ओके असं का येतं, मी तोच थ्री जेटचा किस्सा लिहिला होता. कॉमेंट करत जा असंही साडू म्हणाला होता बहुतेक. म्हणजे म्हणालाच होता. तेवढं श्रेय घेऊ दे त्याला.

दुसरं, फोटोचं सांभाळ. आमच्याकडच्या एका पोराने हौसेने फिक्स्चरचा फोटो टाकला, मागे पार्टवर कस्टमरचा पार्ट नंबर स्पष्ट दिसत होता, संध्याकाळच्या आत कस्टमरच्या बायरचा फोन. ड्रॉइंग, पार्ट नंबर, रिजेक्शनचे आकडे यातलं काहीही टाकू नको, किस्सा मोघम पार्टवर सांगता येतो.

आणि प्रोफाइल बदलायच्या आधी नेटवर्कला कळवायचं बटण बंद कर, नाहीतर एका रात्रीत आठ बदल केले की सकाळी अख्ख्या अंबडला कळतं तू उठलायस. ओपन टू वर्क लावायचंच तर आधी विचार कर तुमच्या कंपनीला माणसं कोण पुरवतं, तो ते कंपनीत सांगितल्याशिवाय राहतो का बघ.

हे सगळं मशिनिंग, क्वालिटीवाल्यांसाठी हं. आयटीत साडू म्हणतो तसं पोस्टबिस्टने होतही असेल, मला अनुभव नाही. आणि तुला खरोखर पुण्यालाच राहायला जायचं असेल तर ओपन टू वर्कमध्ये कुठे कुठे काम चालेल ती गावं वेगळी टाकता येतात, तिथे टाक पुणे, चाकण, काय पाहिजे ते. पण राहतोस तिथलं गाव खोटं लिहू नको, भोसरीवाला फोन ठेवून देतो.

तुझी हेडलाइन आत्ता आहे तशी खाली कॉमेंटमध्ये टाक, आणि कुठला पार्ट बघतो तेही, कंपनीचं नाव नको. शनिवारपर्यंत एका व्हेंडरचं ऑडिट आहे सिन्नरला, रविवारी निवांत बघून सांगतो.