पोरं बोलतात तसं लिहीत का नाहीत?

प्रश्न : बाई, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथी एकत्र शिकवते. 'पावसाळा' विषय दिला की सगळ्या वह्यांत 'पावसाळा हा माझा आवडता ऋतू आहे' इथून सुरुवात. हीच पोरं मधल्या सुट्टीत सापाच्या, बैलाच्या गोष्टी किती रंगवून सांगतात! ते कागदावर का येत नाही?
— एक शिक्षिका, दारव्हा तालुका

उत्तर : ताई, पोरांकडे सांगायला भरपूर आहे. लिहिणारा माणूस ते कसं मांडतो, हे मात्र त्यांना कुणी उलगडून दाखवलेलं नसतं. आपण धडा वाचतो, शब्दार्थ देतो, प्रश्नोत्तरं लिहून घेतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो.

एक प्रसंग घेऊन बसा. 'श्यामची आई'मध्ये आंघोळ झाल्यावर लहानगा श्याम हट्ट धरतो, ओल्या तळव्यांना माती लागायला नको. आई लुगड्याचा ओचा धोंड्यावर पसरते आणि तो त्यावर पाय ठेवतो. पायाला जपतोस तसं मनालाही जप, हे ती त्यानंतर म्हणते. वाचून झालं की पोरांना विचारा, 'आई प्रेमळ होती' असं इथं कुठं लिहिलंय का? शोधू द्या त्यांना. मग विचारा, तरी तुम्हाला कसं कळलं? कुणीतरी म्हणेलच, तिनं लुगडं पसरलं म्हणून. लेखकाची युक्ती पोरानं स्वतः पकडली, की ती त्याची झाली. साने गुरुजींनी हे १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, तेव्हा आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, हेही सांगा. इतक्या वर्षांनी त्यांना धोंडा आठवतो, ओले तळवे आठवतात. तुम्हाला काय आठवतं?

लिहायला द्यायचं ते यानंतर, आणि विषय अगदी बारीक. 'पोळा' देऊ नका. 'तान्ह्या पोळ्याला माझ्या लाकडी नंदीला मी काय काय बांधलं' हे द्या. 'माझे बाबा' नको, 'बंडीचं चाक चिखलात रुतलं तेव्हा बाबांनी काय केलं' चालेल. कधी नुसतं पहिलं वाक्य फळ्यावर लिहा : 'आजीनं पेटीचं कुलूप काढलं आणि...' एकच अट घाला, 'छान', 'सुंदर', 'प्रेमळ' हे शब्द वापरायचे नाहीत. पाच-सहा ओळी पुरेत. तिसरीच्या पोरांना आधी जोडीदाराला तोंडी सांगू द्या. एकत्र वर्गात हे सोयीचं पडतं, कारण तोवर चौथी लिहायला बसलेली असते.

एका गोष्टीवर मी अडून बसेन. पोरानं लिहिलं, 'आजी म्हणे, काहून रडतं रे बापू?' तर त्यावर लाल रेघ मारू नका. उद्धव शेळक्यांच्या 'धग' कादंबरीत (१९६०) माणसं वऱ्हाडीत बोलतात आणि म्हणूनच ती खरी वाटतात. निवेदन प्रमाण मराठीत आणि बोलणं घरचं, एवढा भेद चौथीच्या पोराला नक्की समजतो. आजीच्या तोंडी पुस्तकी वाक्य घातलं की ती त्याची आजी राहत नाही.

तपासताना शुद्धलेखन दुसऱ्या फेरीला ठेवा. पहिल्या फेरीत समासात एकच प्रश्न लिहा : 'तेव्हा बैल काय करत होता?' त्याचं उत्तर म्हणून पोरगं जे वाक्य जोडतं, ते बहुतेक वेळा सगळ्या लेखनातलं सगळ्यात जिवंत असतं. ते वर्गात मोठ्यानं वाचून दाखवा, पोराला विचारूनच.

पालक म्हणतील, निबंध पाठ करून घ्या, परीक्षेला कामी येतो. त्यांना वही दाखवा. स्वतःच्या बंडीची, स्वतःच्या वावराची हकीकत पोराच्या अक्षरात वाचणारा बाप सहसा भांडत नाही.

हे आत्ताच सुरू करा. दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी लागली की पोरं वावरात जातात, हजेरी गळते आणि बसलेली सवय मोडते. त्या दिवसांत शाळेत आलेल्या पोरांना 'वेचणीच्या दिवशी आमच्या घरी सकाळी' हा विषय द्या. जी आली नाहीत, ती परतल्यावर लिहितील, आणि त्यांच्याकडे सांगायला जास्त असेल.