सब्लिमेशनची फाइल आणि काळा सुती टी-शर्ट

प्रश्न : दादा, मी ऑनलाइन डिझाइनचा एक संच विकत घेतलाय. जलरंगातली फुलं, पक्षी, थोडी वारली चित्रं. सगळ्या पीएनजी फाइली आहेत आणि वर 'सब्लिमेशन' असं लिहिलंय. त्यावर 'आजी', 'प्रिय बाबा' अशी अक्षरं टाकून कॉफी मग आणि काळे सुती टी-शर्ट प्रिंट-ऑन-डिमांडवर विकायचा विचार आहे. छपाई, पाठवणी कंपनीच करेल. या फाइली चालतील ना?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, मगसाठी चालतील. काळ्या सुती टी-शर्टसाठी आहेत तशा देऊ नका.

सब्लिमेशनची शाई उष्णतेने वायू होऊन पॉलिस्टरमध्ये शिरते. मगवर पॉलिमरचा थर दिलेला असतो, म्हणून तिथे ती बसते. आमच्या दुकानात मग १८० अंशांवर साधारण तीन मिनिटं दाबतो. सुती कापडाला ती शाई धरत नाही, धुण्यात उतरते. शिवाय या छपाईत पांढरी शाई नसतेच. चित्रातलं पांढरं म्हणजे खालच्या वस्तूचं पांढरं.

तुमचा काळा टी-शर्ट कंपनी बहुधा डीटीएफने छापेल, म्हणजे चित्र आधी फिल्मवर छापून, त्यावर गोंदाची पूड टाकून उष्णतेने कापडावर चिकटवेल. त्यात रंगाखाली पांढऱ्या शाईचा थर असतो, आणि जलरंगाची फुलं नेमकी इथेच फसतात. फाइल उघडा, चित्रामागे काळा थर टाका आणि एखाद्या पाकळीची कड चारपट मोठी करून बघा. रंग विरत जातो तिथे अर्धपारदर्शक ठिपके दिसतील. छापताना त्यांच्याखाली पांढरं येतं आणि फुलाभोवती मळकट झालर उमटते. त्या बारीक ठिपक्यांना गोंदाची पूडही नीट धरत नाही, त्यामुळे धुतल्यावर आधी तेच सुटतात. टी-शर्टसाठी कडा ठसठशीत करून घ्या, नाहीतर ही फुलं पांढऱ्या पॉलिस्टरवरच ठेवा. मला विचाराल तर यातला दुसरा पर्यायच घ्या. त्या फुलांचा जीव विरत्या कडेतच आहे.

मगचा पट्टा साधारण २० बाय ९ सेंटिमीटर, म्हणजे ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० ठिपके) सुमारे २३६० बाय १०६० पिक्सेल. छोटी फाइल ताणून हा आकडा गाठू नका. घरी छापताना चित्र आरशातल्यासारखं उलटं करतात, कंपनीला मात्र सरळच द्यायचं.

आता परवाना. संचासोबतची अटींची फाइल बहुतेक जण उघडतच नाहीत. 'व्यावसायिक वापर' एवढं वाचून थांबू नका. स्वतः छापून विकायला परवानगी आणि प्रिंट-ऑन-डिमांडला मनाई, असे परवाने सर्रास असतात. कुठे त्यासाठी वेगळे पैसे, कुठे चित्रात तुमची भर घातलेली असण्याची अट. स्पष्ट लिहिलेलं नसेल तर विक्रेत्याला विचारा आणि उत्तर लेखी जपून ठेवा.

वारली चित्रांबद्दल जरा थांबूनच सांगतो. विकणाऱ्याकडे हक्क नसेल तर त्याच्या परवान्याला काडीची किंमत नाही. नामवंत वारली चित्रकार जिव्या सोमा मशे २०१८ साली गेले. आपल्या कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतो. त्यांचं एखादं चित्र जसंच्या तसं उचलून कोणी संचात घातलं असेल, तर अडचणीत तुम्हीही याल. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही आहे. कुठल्यातरी संचातली चित्रं 'अस्सल वारली' म्हणून विकणं मला मुळीच पटत नाही. पालघर, डहाणूकडे आजही ही चित्रं काढणारी माणसं आहेत. त्यांच्याकडून दोन चित्रं रीतसर, लेखी हक्कांसह विकत घ्या आणि मगवर त्यांचं नाव छापा.

अक्षरांसाठी 'मुक्त' किंवा 'बलू' हा फॉन्ट घ्या. दोन्ही खुल्या परवान्याचे आहेत, छापून विकायला चालतात. पाठवण्याआधी अक्षरांचं चित्रात रूपांतर करा, नाहीतर दुसऱ्याच्या संगणकावर 'प्रिय'चा 'प्‌रिय' होतो.

दुकान उघडण्याआधी एक मग आणि एक टी-शर्ट स्वतःच्या पत्त्यावर मागवा. टी-शर्ट उलटा करून पाच-सहा वेळा धुवा, आणि फोटो काढायचे ते त्यानंतरच.