कारुसो एकच, मग ऑर्केस्ट्रा दोन कसे?

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत इटालियन ऑपेरा गायक एनरिको कारुसोच्या ‘वेस्ती ला जुब्बा’च्या दोन ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) रेकॉर्ड मिळाल्या. गाणं दोन्हीवर तंतोतंत तेच, श्वाससुद्धा त्याच जागी घेतो, पण एकीवर ऑर्केस्ट्रा पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा आणि दुसरीवर मस्त भरलेला. हे कसं काय? आणि ऐकायची कुठली?
– एक वाचक, सांगली

उत्तर : कान तयार आहेत तुमचे! गाणं खरंच एकच आहे, १९०७ साली अमेरिकेत व्हिक्टर कंपनीसाठी गायलेलं. लिओनकाव्हालोच्या ‘पाल्याच्ची’ ऑपेरातला कानिओ, बायकोचं दुसऱ्यावर प्रेम आहे हे कळल्यावरही तोंडाला रंग लावून लोकांना हसवायला निघतो, तेव्हाचं हे गाणं.

तेव्हा माइक नव्हताच. एक मोठा कर्णा, कारुसो त्याच्या अगदी तोंडाशी आणि वादक मागे दाटीवाटीने बसलेले, आवाजाच्या जोरावरच सुई हलून मेणात खाचा पडायच्या. व्हायोलिनचा नाजूक आवाज त्यात पोचायचाच नाही म्हणून लाकडी पेटीऐवजी कर्णा लावलेली स्ट्रो व्हायोलिन वापरायचे आणि खर्जाला डबल बास या मोठ्या तंतुवाद्याऐवजी बऱ्याचदा ट्यूबा हे फुंकायचं पितळी वाद्य, त्यामुळे तुम्हाला ते पत्र्यासारखं वाटतं. कारुसोसारख्या टेनरचा, म्हणजे उंच पट्टीत गाणाऱ्या पुरुषाचा आवाज मात्र या कर्ण्याला फार मानवायचा. १९०२च्या एप्रिलमध्ये मिलानला कारुसोचं पहिलं रेकॉर्डिंग करणारा फ्रेड गायसबर्ग त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कलकत्त्याला गायिका गौहरजानसमोर असाच कर्णा घेऊन बसला होता.

१९२५ला माइक आले आणि जुन्या रेकॉर्ड एकदम फिक्या वाटायला लागल्या. पण कारुसो तर १९२१लाच गेलेला, पुन्हा गाणार कोण? मग १९३२ला कंपनीने जुन्या गाण्यावरच नवा, मोठा ऑर्केस्ट्रा चढवला. तुमची दुसरी रेकॉर्ड ती.

माझं विचाराल तर पहिलीच ऐका. ‘रिदी, पाल्याच्चो’ (हस, विदूषका) या ओळीला तो सूर ताणतो ना, तिथे जुने वादक त्याच्याबरोबर थांबतात, त्याला बघून वाजवतायत ते, आपल्याकडे चांगला सारंगिया गवयाच्या तोंडाकडे बघत साथ करतो तसं. नव्या ऑर्केस्ट्राला गाणारा समोर नाहीच, तो मागून गाठत राहतो, आणि एकदा ते कानाला कळलं की मग तो भरलेला आवाज परका वाटतो. दुसरीही टाकू नका हं, गेलेल्या गायकाला नवी साथ देण्याची ती फार जुनी खटपट आहे.

आणि एल्पीच्या बारीक सुईवर लावू नका, ७८ची रुंद सुई वेगळी मिळते. कारुसोच्या बऱ्याच रेकॉर्ड ७८पेक्षा थोड्या कमी वेगावर कापलेल्या आहेत, त्यामुळे पूर्ण ७८वर पट्टी चढते आणि आवाज पातळ होतो. प्लेअरला स्पीड कमी-जास्त करायची सोय असेल तर ७६च्या आसपास आणून बघा, तो गडद, भरदार आवाज तिथे सापडतो.