घोडीचं खूर आणि आपला हात

प्रश्न : ताई, विट्याजवळ आमचा मळा आहे. दोन वर्षांपूर्वी अकलूजच्या घोडेबाजारातून एक घोडी आणली. मळ्यात आणि मातीच्या वाटेवरच फिरते, म्हणून नाल मारलेली नाही. खुरं काढायला, म्हणजे वाढलेली कड कापून-घासून आकारात आणायला, नालबंद मामा यायचे. आता त्यांचं वय झालं, तीन-तीन महिने येणं होत नाही. खुरं पुढून लांबलीत, कडेला चिरलीत. मी शिकून घरीच काढू का? घरचे म्हणतात, घोड्याच्या मागून आणि साहेबाच्या पुढून जाऊ नये. आणि एवढ्या खटाटोपातून मिळतं तरी काय?

उत्तर : घरचे म्हणतात ते खरं, पण आपल्याला मागून जायचंच नसतं. घोडीच्या शेपटीकडे तोंड करून, तिच्या अंगाला अंग लावून बाजूला उभं राहायचं. पाठीवरून हात सरकवत पायावर आणायचा आणि तिनं वजन दुसऱ्या पायावर टाकलं की मगच पाय उचलायचा. पहिल्या दिवशी दोन सेकंद उचलला तरी पुष्कळ. कंबर मोडते, हे आधीच सांगून ठेवते.

मी कोरेगाव तालुक्यातली. दारात दोन घोड्या आहेत. पहिल्यांदा कानस हातात आली तेव्हा उत्साह नको तेवढा होता. कडा तर घासल्याच, वर सुरीनं तळही खरवडून पांढराशुभ्र केला. फार देखणं दिसलं! दुसऱ्या दिवशी घोडी मुरमाच्या वाटेवर अशी चालायला लागली, जशी आपण वैशाखात देवळाच्या फरशीवर अनवाणी चालतो. तळाचा तो जाड थर म्हणजे तिची चप्पल, आणि मी तीच सोलली होती. आठ-दहा दिवस तिला मऊ मातीवरच ठेवावं लागलं. तेव्हापासून तळाला आणि मधल्या पुतळीला, म्हणजे तळामधल्या त्रिकोणी मऊ गादीला, मी सुरी लावत नाही. लोंबणारा, कुजलेला तुकडा असला तर तेवढाच काढते.

तुमच्या घोडीचं खूर तीन महिन्यांचं वाढलेलं आहे आणि चिरलेलंही, तेव्हा पहिली काढणी तुम्ही करू नका. मामांना गाडी पाठवून घरी आणा, चहा द्या, खुर्चीवर बसवा. कानस तुमच्या हातात, नजर त्यांची. ते शक्यच नसेल तर घोड्यांचं काम जाणणारा पशुवैद्य गाठा. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारलंत तरी वाट सापडेल. एकदा आकार बसला की पुढचं सोपं आहे. खूर महिन्याला साधारण ८ ते १० मिलिमीटर वाढतं. सहा-आठ आठवडे थांबून एकदम कापण्यापेक्षा दर दोन-तीन आठवड्यांनी कडेवरून कानस फिरवायची. कमी घासलं तर परवा पुन्हा घासता येतं. आणि धनुर्वाताची लस झालेली असू द्या, घोड्याला तो चटकन होतो.

खरारा आणि खुरं साफ करणं मात्र रोजचं. आकडा टाचेकडून पुढं ओढायचा, पुतळीच्या दोन्ही बाजूंच्या खाचा मोकळ्या करायच्या. आणि वास घ्यायचा. हो, नाक जवळ नेऊन! पावसाळ्यात खाचेत काळा चिकट थर आणि कुजका वास आला की समजायचं, घोडी ओल्या शेणामुतात उभी राहतेय. औषध नंतर, आधी जागा कोरडी करा.

आता मिळतं काय? एका मार्गशीर्षात आमची थोरली रात्री दावं तोडून शेजारच्या गुऱ्हाळावर गेली आणि उसाच्या कांड्यांवर, गुळाच्या खरवडीवर ताव मारून आली. सकाळी चाल नेहमीसारखीच होती. पण पाय उचलला तर पुढची दोन्ही खुरं हाताला गरम लागली. खुरावरच्या सांध्यामागं बोट ठेवलं, तर एरवी शोधावी लागणारी नाडी ठणठण उडत होती. रोज हात लावत नसते तर मला ते कळलंच नसतं. डॉक्टरांना लगेच बोलावलं. त्यांनी लॅमिनायटिसची सुरुवात सांगितली, म्हणजे खुराची भिंत आतल्या हाडाला धरून ठेवणारा थर सुजतो. बर्फाच्या पाण्यात पाय, चंदी म्हणजे दाणा बंद, नुसतं वाळलेलं गवत. घोडी वाचली.

महिन्याभरानं खुराच्या वरच्या कडेखाली एक आडवा उंचवटा दिसायला लागला. पुढची भिंत वरून खाली पूर्ण नवी व्हायला वर्षभर लागतं. दर काढणीला ती गुऱ्हाळाची रेघ थोडी खाली सरकलेली असायची. शेजारी यायचे तेव्हा मी त्यांना बोटानं दाखवायची, बघा, तुमचा गूळ इथंवर आला. पुढच्या दिवाळीत ती जमिनीला टेकली आणि मीच कानशीनं घासून टाकली.