अभ्यासासाठी रक्त दिलं, रिपोर्ट नाही: आधी संमतीपत्राची प्रत मिळवा

तुमची पोस्ट वाचली. विद्यापीठातल्या मधुमेहाच्या धोक्यावरच्या अभ्यासात स्वयंसेवक म्हणून नाव दिलंत, पहिल्या भेटीत रक्त दिलंत, चार महिने झाले तरी रिपोर्ट नाही. सही घेणारी मुलगी आता तिथे नोकरीला नाही आणि वेगळ्याच नंबरवरून दुसऱ्या भेटीचं बोलावणं आलंय. जाऊ की नको, असा तुमचा प्रश्न. माझं मत: जा, पण रिकाम्या हाताने जाऊ नका. तुमच्या पोस्टमधलं एक वाक्य मला सगळ्यात जास्त टोचलं: ‘सही केली, कागद त्यांच्याकडेच राहिला.’ हे दुखणं चांगलं ओळखीचं आहे, म्हणून लांबलचक लिहितेय. मी डॉक्टर नाही, वकीलही नाही, त्यामुळे औषधोपचाराचं काही असेल तर तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

अभ्यासात रक्ताच्या नळीवर तुमचं नाव लिहीत नाहीत, सांकेतिक क्रमांक लिहितात. कुठला क्रमांक कुणाचा, ही यादी प्रमुख संशोधकाकडे कुलपात असते. गोपनीयतेसाठी ते योग्यच आहे. अडचण पुढे येते. तुमच्याशी बोलणारी, सही घेणारी, वेळ देणारी माणसं बहुतेक वेळा प्रोजेक्टच्या ग्रँटवर कंत्राटी असतात. ग्रँट संपली की ती जातात, त्यांच्या मोबाइलमधले नंबरही त्यांच्याबरोबर जातात. मग तुम्ही खिडकीवर जाऊन नाव सांगता आणि तिथल्या माणसाला त्या नावाने काहीच सापडत नाही, कारण नावाने काही ठेवलेलंच नसतं.

एका संस्थेत (नाव घेणार नाही) हे अगदी ठरल्यासारखं चालायचं. लॅब म्हणणार विभागात विचारा, विभाग म्हणणार प्रोजेक्ट संपला, मॅडम सोडून गेल्या, हिशेब विभाग म्हणणार आमचा संबंध फक्त बिलांशी. अर्ज द्यावा तर ‘कुठल्या प्रोजेक्टचा? क्रमांक?’ आणि तो क्रमांक ज्या कागदावर असतो तोच सहभागी माणसाला दिलेला नसायचा. रक्त घेताना खुर्ची पुढे ओढून बसवायचं आणि रिपोर्ट मागायला आल्यावर उभ्या उभ्या वाटेला लावायचं, याचा मला मनापासून राग आहे. लोक कामावर रजा टाकून, उपाशीपोटी, पिंपरीहून दोन बस बदलून येतात. त्यांच्या रक्तावर प्रबंध होतात. त्यांना एक झेरॉक्स द्यायला काय जातं?

आणि ही मेहरबानी नाही. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आणि औषधांच्या चाचण्यांसाठीचे २०१९ चे नियम, दोन्हींमध्ये सहभागीला कागद देण्याची अपेक्षा स्पष्ट आहे. माहितीपत्रक तुम्हाला समजणाऱ्या भाषेत हवं, आणि सही झालेल्या संमतीपत्राची प्रत तुमच्या हातात पडायला हवी. ‘स्कॅन करून पाठवते’ हे उत्तर मान्य करू नका. मोबाइलने प्रत्येक पानाचा फोटो तिथेच काढा. अभ्यासाचं शीर्षक, प्रमुख संशोधकाचं नाव आणि फोन, एथिक्स कमिटीच्या (माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समितीच्या) सदस्य सचिवांचा संपर्क आणि तुमचा सांकेतिक क्रमांक, एवढं स्पष्ट वाचता आलं पाहिजे. क्रमांक कागदावर नसेल तर पेनने लिहून मागा.

आता तुमच्याबद्दल. दुसऱ्या भेटीचा फोन खरा आहे का, हे आधी तपासा. विद्यापीठाच्या अधिकृत संकेतस्थळावरचा विभागाचा लँडलाइन नंबर लावा आणि थेट प्रमुख संशोधकाला विचारा. कुठलाही खरा अभ्यास सहभागीकडून नोंदणी फी किंवा तपासणीचे पैसे घेत नाही, ओटीपी तर नाहीच नाही. सीटीआरआय या वैद्यकीय चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत शीर्षक शोधून बघा, ती सगळ्यांना खुली आहे. तिथे सापडलं नाही म्हणून लगेच फसवणूक समजू नका. औषधं किंवा उपचार तपासणाऱ्या चाचण्यांना ती नोंदणी सक्तीची आहे, नुसती मोजमापं आणि रक्त घेणाऱ्या अभ्यासांना नाही. एथिक्स कमिटीची मंजुरी मात्र दोन्हींना लागते.

मग एक पानी पत्र लिहा. प्रमुख संशोधकाच्या नावाने, आणि एक प्रत एथिक्स कमिटीच्या सदस्य सचिवांना. पहिल्या भेटीची तारीख, अंदाजे वेळ, तुमची जन्मतारीख आणि फोन द्या, म्हणजे क्रमांक नसला तरी यादीत शोधता येईल. मागण्या दोनच ठेवा: सही केलेल्या संमतीपत्राची प्रत आणि पहिल्या भेटीतले रिपोर्ट. पत्र स्वतः नेऊन द्या आणि तुमच्याकडच्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. पोच नसेल तर पत्र दिलंच नाही असं समजा. ‘अभ्यास बंद झाला’ म्हणाले तरी कमिटीला आपली कागदपत्रं अभ्यास संपल्यावर किमान ३ वर्षं ठेवावी लागतात. कमिटीचे निम्मे सदस्य संस्थेबाहेरचे असतात आणि त्यात एक सामान्य नागरिकही असतो, त्यामुळे विभागापेक्षा तिथे दाद मिळण्याची शक्यता मला जास्त वाटते. सरकारी विद्यापीठ असेल तर शेवटी माहितीचा अधिकार आहे. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, ३० दिवसांची मुदत. पण तो शेवटचा उपाय ठेवा, आधीच वापरला तर समोरचे लोक बोलायचेच बंद होतात.

रिपोर्ट मागताना सगळं सरसकट मागू नका, हेही सांगते. साखर, हिमोग्लोबिन, कोलेस्टेरॉल हे नेहमीच्या लॅबमध्ये होतं, ते काही दिवसांत मिळायलाच हवं. इन्सुलिनसारख्या तपासण्या बरेचदा सगळ्यांचे नमुने उणे ८० अंशांवर गोठवून शेवटी एकदम करतात, तिथे वर्षभर लागणं शक्य आहे. जनुकीय निकाल बहुधा देतच नाहीत. माहितीपत्रकात तसं लिहिलेलं असतं, फक्त आपण वाचत नाही.

दुसऱ्या भेटीत ग्लुकोज पाजून तपासणी आहे, असं तुम्ही लिहिलंय. उपास ८ ते १२ तासांचा, साधं पाणी चालतं, चहा-कॉफी नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज २५० ते ३०० मिली पाण्यात, पाच मिनिटांत संपवायचं आणि दोन तास पहिल्या घोटापासून मोजायचे. त्या दोन तासांत फिरायला, जिने चढायला जायचं नाही. तळजाईची टेकडी चढून थेट तपासणीला येणारे लोक असतात, तसं करू नका, आकडा बदलतो. आधीचे तीन दिवस रोजचा भात-पोळी नीट खा. वजन कमी करायला पिष्टमय पदार्थ तोडले असतील तर दोन तासांनंतरची साखर खोटी जास्त येऊ शकते आणि उगाच घाबरायला होतं. दोन तासांनंतर १४० च्या आत सर्वसाधारण, १४० ते १९९ मधुमेहपूर्व अवस्था, २०० किंवा जास्त आली तर दुसऱ्या दिवशी वेगळी तपासणी करून डॉक्टरांकडे जा. नळीचं टोपण बघा: साखरेसाठी सहसा राखाडी टोपणाची नळी वापरतात, तिच्यात साखर टिकवणारं रसायन असतं. साध्या नळीत रक्त तासन्‌तास पडून राहिलं तर पेशी साखर खात राहतात आणि आकडा खाली येतो. डबा मात्र बरोबर न्या. शेवटची नळी झाली की लगेच खा. तिथलं बिस्किट पुरत नाही.

प्रवासखर्च आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई मागण्यात संकोच नको, ती मार्गदर्शक तत्त्वांना मान्य आहे. फार मोठी रक्कम दाखवत असतील तर उलट सावध व्हा, कारण पैशाच्या ओढीने माणूस आजार किंवा चालू औषधं लपवतो आणि इजा त्यालाच होते. भरपाई खात्यात जमा व्हावी म्हणून रद्द केलेला चेक पहिल्याच दिवशी द्या. बिलं मार्चअखेरच्या आत गेली नाहीत तर पुढच्या वर्षीच्या निधीची वाट बघत बसावं लागतं. वैद्यकीय चाचणीत इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई हा वेगळा, मोठा विषय आहे. नुसत्या रक्ततपासणीच्या अभ्यासात त्याची वेळ सहसा येत नाही, तरी फॉर्मवर ते कलम आहे का हे बघाच.

फॉर्मच्या शेवटी ‘उरलेला नमुना पुढील संशोधनासाठी ठेवावा का’ अशी चौकट असते. ती रिकामी सोडू नका. नको असेल तर ‘नाही’वर खूण करून शेजारी सही करा. नमुना परदेशी पाठवण्याबद्दल वेगळी ओळ असेल तर तीही तशीच भरा. नंतर मत बदललं तर लेखी कळवून नमुना नष्ट करायला सांगता येतं. पण क्रमांक आणि नावांची यादी एकदा काढून टाकली की तुमची नळी कोणती हे कुणालाच सांगता येत नाही, म्हणून ते पत्र द्यायचं तर अभ्यास चालू असतानाच द्या, आणि त्याचीही पोच घ्या.