पिक्चर डोक्यात पूर्ण, कागदावर दोनच पानं

"मी तासन्‌तास मनात गोष्टी रंगवत बसतो. हातून काहीच होत नाही. मला वेड तर लागत नाही ना?" छत्रपती संभाजीनगरात शिकायला आलेली मुलं आम्हाला हा प्रश्न नेहमी विचारतात, आणि विचारताना बहुतेकांची मान खाली असते. एका मुलाच्या उदाहरणातून उत्तर देतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगा हिंगोलीकडचा, नाट्यशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला, मावशीकडे राहणारा. परीक्षेसाठी १२ मिनिटांची शॉर्ट फिल्म करायची होती. विषय त्यानं स्वतःचाच घेतला होता: दिवास्वप्नांत रमून जगापासून पळणारा पोरगा. चार महिने झाले तरी पटकथेची दोनच पानं. त्याला घेऊन आली ती मावशी. "रातच्याला गच्चीवर पावलं वाजायलेत. वर जाऊन बघितलं तर लेकरू एकलंच हसायलंय, ओठ हलवायलंय. शेजारीण म्हणली, बाहेरचं असंल." अंगारा लावून झाला होता.

आधी भीती काढायला हवी होती. रंगात आलेल्या गोष्टीत कुणी हाक मारली तर काय होतं, असं त्याला विचारलं. तो लगेच थांबतो, ओ देतो, आणि हे सगळं आपणच रचलंय हे त्याला पक्कं ठाऊक असतं. हे भान शाबूत असणं फार महत्त्वाचं. भ्रमाच्या आजारात नेमकं तेच सुटतं. इस्रायलमधले मानसशास्त्रज्ञ एली सोमर यांनी २००२ मध्ये या त्रासाला मॅलॅडॅप्टिव्ह डेड्रीमिंग, म्हणजे जगण्यात अडथळा आणणारी दिवास्वप्नं, असं नाव दिलं. पात्रं ठरलेली, गोष्ट क्रमशः चालू, सोबत गाणी, येरझारा किंवा डुलणं, आणि त्यात अभ्यास, झोप, माणसं मागे पडणं, ही त्याची खूण. ते तपासायला १६ प्रश्नांची मोजपट्टीही आहे. आजारांच्या अधिकृत यादीत मात्र ते अजून स्वतंत्रपणे नाही. एकाग्रतेची अडचण, चिंता किंवा नैराश्य सोबत असू शकतं, म्हणून तेही पाहावंच लागतं.

पहिले दोन आठवडे काहीही कमी करायचं नाही, फक्त नोंद. वहीत चार रकाने: वेळ, जागा, अगदी आधी काय झालं, किती मिनिटं. इथं हमखास एक चूक होते. त्यानं पहिल्या तीन दिवसांत गोष्टच लिहून काढली, पानंच्या पानं! मग वहीच नवी गच्ची होते. गोष्ट लिहायची नाही, एका वेळेला एकच ओळ, हे बजावल्यावर नोंद कामाची झाली.

रोजचे साडेतीन ते चार तास जात होते. त्याला वाटायचं, दोष इअरफोनचा. पण १४ पैकी १० रात्री तिसऱ्या रकान्यात एकच नोंद होती: "दादांचा फोन". वडील साडेनऊला फोन करत. "झालं का रे पिक्चर?" हा म्हणे, "होत आलंय." फोन ठेवला की इअरफोन कानात आणि गच्ची. तिथं पिक्चर पूर्ण झालेलं असे, हॉल भरलेला, पहिल्या रांगेत दादा कडक टोपी घालून. तिथं कॅमेऱ्याची बॅटरी उतरत नाही, तालमीला कुणी दांडी मारत नाही. काम पूर्ण झाल्याची गोड कल्पना रंगवत बसलं की प्रत्यक्ष कामाचा जोर ओसरतो, हे मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगेन यांच्या संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

"पण सर, मी पिक्चरचाच तर विचार करतो," त्याचा हा आक्षेप रास्त होता. फरक ओळखायची आमची कसोटी साधी: कॅमेरा कुठं ठेवू यावर डोकं अडलं तर ती तयारी, टाळ्या वाजायला लागल्या की स्वप्न.

मग त्यानं आपल्या मनानं सगळं एकदम बंद केलं. तिसऱ्या रात्री पाच तास गेले. मनातली धाकधूक तशीच ठेवून नुसती पळवाट बुजवली की असंच होतं. म्हणून ठरवलं ते असं. रात्री नऊला इअरफोन मावशीकडे. चालायचं तर गाण्याविना. स्वप्नाला २० मिनिटं, गजर लावून आणि बसून, कारण येरझारांनी ते जास्त पेटतं. आणि दादांचा फोन ठेवला, की आधी एक शॉट कागदावर: कोण, कुठं, काय करतो, कॅमेरा कुठं.

सगळ्यात जड गेलं ते दादांना खरं सांगणं. "दादा, दोनच पानं झालीत." पलीकडं थोडा वेळ शांतता. मग, "तिसरं कधी लिवतूस?" त्या रात्री तो गच्चीवर गेला नाही.

पटकथेत त्यानं स्वप्न रंगीत, वास्तव काळंपांढरं आणि वर मोठ्ठं संगीत असं योजलं होतं. फिल्म शिकवणं हे आमचं काम नाही. पण मावशीला काय दिसतं ते लिहून आण, एवढं सांगितलं. त्यानं आणलं: टाकीपासून कठड्यापर्यंत १४ पावलं. डावी चप्पल टाचेला झिजलेली. कठड्यावर झाकलेलं ताट, भाकरी कडक, पिठल्यावर साय धरलेली. तोच शॉट पहिला घेतला.

आठव्या आठवड्यात वेळ दीड तासावर आला. फिल्म जमा करायच्या आठवड्यात पुन्हा तीनवर गेला, पण त्यानं तो प्रामाणिकपणे नोंदवला. असं होणार हे आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून तो खचला नाही.

घरच्यांनी चोरून बघू नये, चारचौघांत थट्टा करू नये. नावानं हाक मारावी आणि हाताला काम द्यावं.

मात्र इतरांना न येणारे आवाज ऐकू येणं, रचलेलं खरं वाटू लागणं, विनाकारण संशय, झोपेविनाही अंगात भलताच जोर, किंवा जीव नकोसा होणं, यातलं काहीही असेल तर वही बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं. बोलता बोलता काही सेकंद नजर थिजते आणि हाकेला ओ येत नाही, असं होत असेल तर फिट्सची तपासणी करून घ्यावी. रात्री-अपरात्री बोलायची गरज पडली तर टेलि-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, आणि तिथं मराठीत बोलता येतं.